चोकच्या दोन तारा

नेव्हिल ऑलसॉपचा डावा खांदा निखळला तो बागेतल्या पायऱ्यांवरच्या बर्फामुळे, पण दोष त्यानं दिला शेजारच्या मांजराला. डॉक्टरीणबाईंनी हात गळ्यात अडकवून दिला आणि एप्रिल संपेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, असं बजावलं. नेव्हिलनं मान डोलावली. बाहेर आल्याबरोबर तो बायकोला म्हणाला, "ईस्टरच्या सोमवारी तर जुन्या गाड्यांच्या क्लबची फेरी आहे."

"मग काय झालं? मी चालवीन," नॉर्मा म्हणाली.



गाडी हिरवी, उघडी, दोनच माणसांची. लग्नाआधी घेतलेली. मुलगी झाली तेव्हा ती विकायची असं दोघांचं ठरलं होतं; प्रत्यक्षात विकलं गेलं ते नॉर्माच्या आईनं दिलेलं कपाट. नॉर्मा एरवी घरची साधी गाडी वर्कस्वर्थच्या चढउतारांवर लीलया फिरवायची. गावातल्या निम्म्या घरांचे पडदे तिनं शिवलेले आणि टांगलेले, त्यामुळे सामान घेऊन तिची सतत ये-जा असायची. पण या हिरवीचं स्टिअरिंग तिच्या हाती कधी आलं नव्हतं. 'तिचा क्लच जरा नाजूक आहे,' असं नेव्हिल म्हणायचा आणि विषय तिथंच संपायचा.

मार्चच्या शेवटी तिनं गाडी सुरू करून पाहिली. इंजिन खोकलं, थरथरलं आणि मागून काळा धूर ओकत कसंबसं चालू लागलं. थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारा चोक आत ढकलला तरी धूर थांबेना. नेव्हिलच्या सांगण्यावरून तिनं चारही प्लग काढून बाकावर मांडले. पुढचे दोन खडूसारखे पांढुरके, मागचे दोन काजळीनं माखलेले.

"चोकच्या तारा बिघडल्या," नेव्हिल म्हणाला. "मागच्या कार्बोरेटरचा चोक बंदच होत नाही आणि पुढच्याचा उघडत नाही. मी एका हातानं करू तरी काय?"

तेवढ्यात फोन वाजला. क्लबचा चिटणीस सेड्रिक बॉनसॉल. त्याला कुठून वास लागायचा कोण जाणे. नेव्हिलनं रडगाणं गायलं तसा तो म्हणाला, "नॉर्माला कशाला तेला-ग्रीसात घालतोस? शनिवारी मी येतो." गेल्या वर्षी तो असाच ब्रेक बघायला आला होता. बघितलं कमी, बोलला दुपारभर, आणि रविवारसाठी आणलेली, कणकेत मांस भरून भाजलेली अख्खी पोर्क-पाय एकट्यानं संपवून गेला. नेव्हिल 'ये' म्हणणार, इतक्यात नॉर्मानं फोन काढून घेतला.

"सेड्रिक, शनिवारी आम्ही घरी नाही रे," ती गोड आवाजात म्हणाली आणि फोन ठेवला.

"कुठं जाणार आहोत आपण?" नेव्हिलनं विचारलं.

"गॅरेजमध्ये."

शनिवारी सकाळी तिनं जुना एप्रन बांधला, बॉनेट उघडलं आणि वर दिवा टांगला. नेव्हिल डाव्या सीटवर जाऊन बसला. आजवर या कामाला नॉर्मा तिथं बसायची आणि तो बॉनेटखालून ओरडायचा, "ओढ! सोड! अर्धा!" तारेच्या पलीकडच्या टोकाला काय चालतं, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. डॅशबोर्डवरच्या एका मुठीतून दोन तारा निघत होत्या, एक पुढच्या कार्बोरेटरकडे, एक मागच्याकडे. प्रत्येकीचं टोक एका छोट्या लिव्हरवर पितळी स्क्रूनं आवळलेलं.

"ओढ," ती म्हणाली.

नेव्हिलनं खसकन मूठ ओढली. लिव्हर टणकन उडाले.

"अरे, दात उपटतोयस का? सावकाश. मला दोन्ही हलताना दिसले पाहिजेत."

"मी सावकाशच ओढली."

"परत आत घाल. आता मुंगीच्या पावलानं."

या खेपेला मागचा लिव्हर लगेच उठला. पुढचा मात्र ढिम्म, मूठ निम्मी बाहेर आली तेव्हा कुठं हलला. मूठ आत गेल्यावर पुढचा जागेवर बसला, पण मागचा किंचित वरच राहिला. त्याची तार ताणलेली, पुढचीला ढील. नॉर्मा हसायला लागली.

"काय झालं?" नेव्हिल सीटवरून मान लांब करून म्हणाला.

"काही नाही. पाद्रीबाबांच्या दिवाणखान्यातले पडदे आठवले. दोरी एकच ओढायची, पण एक पडदा मध्यापर्यंत यायचा आणि दुसरा खिडकीत रेंगाळायचा."

"अगं, हे पडदे नाहीत. आधी मागचा स्क्रू सैल कर, मग—"

"केला."

मागच्या स्क्रूपर्यंत हात पोचवणं म्हणजे कर्मकठीण काम. नेव्हिलचा पंजा तिथं शिरायचा नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं पक्कड घालून झटापट करायचा आणि तार चेंगरायची. नॉर्माची बोटं अलगद आत गेली. दोन्ही तारा तिनं मोकळ्या केल्या, चेंगरलेलं टोक बोटांनी सरळ केलं. मग मूठ पूर्ण आत ठेवायला सांगून लिव्हर खाली बसवले आणि दोन्ही तारांना अगदी नखाएवढी ढील ठेवून स्क्रू आवळले.

"ओढ. मुंगीच्या पावलानं."

काहीच हललं नाही.

"नेव्हिल?"

"हं? थांब जरा. 'पाण्यात राहून कोरडा', सहा अक्षरी."

तिनं बॉनेटच्या कडेवरून पाहिलं. नेव्हिलच्या मांडीवर वर्तमानपत्राचं शब्दकोडं होतं.

"मी अशी कोडी सोडवत बसायचे का रे, तू हाक मारलीस की?"

"तू विणकाम करायचीस," तो म्हणाला. "आणि मी ओरडायचो." कॉलर वर ओढून तो म्हणाला, "इथं थंडी फार वाजते गं. सांगायचंस तरी."

"सांगितलं होतं. तू बॉनेटखाली होतास."

त्यानं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि मूठ ओढली, खरोखर मुंगीच्या पावलानं. दोन्ही लिव्हर एकदम उठले. आत ढकलल्यावर दोन्ही एकदम खाली बसले. तिनं पुन्हा ओढायला लावलं, पुन्हा सोडायला लावलं. काम झालं होतं, पण बघायला छान वाटत होतं. मग प्लग पुसून जागेवर बसवले. आत जाऊन तिनं चहा ठेवला, ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाची धिरडी, भाजून त्यात चीज आणि बेकन भरलं, आणि दोघांनी ते गॅरेजमध्येच, गाडीच्या मडगार्डला टेकून खाल्लं. तिच्या बोटांचा काळा ठसा ओटकेकवर उमटला. तिनं तो तसाच खाल्ला.

ईस्टरच्या सोमवारी सकाळी गवतावर दहिवर गोठलं होतं. नॉर्मानं चोक ओढून किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. धूर जरासा आला आणि विरला. नेव्हिल डाव्या सीटवर टोपी घालून बसला होता, मांडीवर घोंगडी.

"आता थोडा आत घे," चर्चच्या वळणावर तो म्हणाला.

"ऐकू येतंय मला."

पुढच्या चढाला त्याचा चांगला हात आपसूक मुठीकडे गेला. तिनं त्यावर चापट मारली. त्यानं हात घोंगडीखाली घेतला. टेकडी निम्मी चढल्यावर इंजिनाचा सूर जरा जाड झाला तशी तिनं मूठ थोडी आत सारली, माथ्यावर पोचल्यावर पूर्ण. आवाज स्वच्छ झाला. नेव्हिलनं डोळे मिटून घेतले. तो झोपला की काय असं तिला वाटलं, पण तो ऐकत होता.

"क्लच कुठं नाजूक आहे?" ती म्हणाली.

"नाही वाटतं," नेव्हिल म्हणाला.

हार्टिंग्टन गावच्या तळ्याकाठी क्लबच्या गाड्या रांगेनं लागल्या होत्या. सेड्रिकनं लांबूनच नॉर्माला स्टिअरिंगवर पाहिलं. तो लगबगीनं आला, बॉनेट उघडायला लावलं, दोन्ही लिव्हरांकडे वाकून पाहिलं.

"छान बसवलंय. कुणाकडून करून घेतलंस, नेव्हिल?"

"नॉर्मानं केलं. मी नुसती मूठ ओढली. तीही धड ओढत नव्हतो म्हणे."

सेड्रिकनं तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या करड्या गाडीकडे. "माझ्याही तारा जरा..." तो घुटमळला.

"बघते की," नॉर्मा म्हणाली. "पण माझ्या गॅरेजमध्ये. आणि पोर्क-पाय तू आणायचीस."

तिघांनी चीजच्या दुकानाबाहेर उन्हात बसून चहा घेतला. परतताना सगळ्या गाड्या खालच्या रस्त्यानं निघाल्या. फाट्यावर नॉर्मानं गाडी क्षणभर थांबवली.

"माळावरून जाऊ या?"

"लांब पडेल," नेव्हिल म्हणाला आणि घोंगडी नीट पायांवर ओढून घेतली. "चल."