एकपासून सुरू होणारी टेप

बाई गेल्याचे घरात कळले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. काका हॉस्पिटलमधून एकटेच आले. त्यांनी चपला काढल्या, शिलाई मशीनवरचे कापड सरळ केले, मला खिळ्यावरून काढले आणि परत खिळ्यावर अडकवले. शेजारचा वायरमन दारात उभा होता.

"काका, काकू कशा आहेत?"

"गेली," काका म्हणाले. "तुझी शिडी आमच्याकडेच आहे. घेऊन जा."

मित्रांनो, मी शिवणकामाची एक जुनी टेप आहे. साठ इंचांची, पिवळी. बाईंनी मला घेतले तेव्हा माझ्या दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या होत्या. मी दिवसभर त्यांच्या गळ्यात असायचे. शर्टांचे खांदे, गणवेशांच्या कमरा, खिडक्यांचे पडदे, सगळे मी मोजले. पुढे एका टोकाची टोपी निघाली आणि तिथला पहिला इंच विसविशीत झाला. बाईंनी तो कात्रीने सरळ कापून टाकला. तेव्हापासून मी एकपासून सुरू होते. बाई माप घ्यायच्या, आकडा बघायच्या आणि त्यातून एक वजा करायच्या. नवी टेप घ्या असे गिऱ्हाईक म्हणाले, की म्हणायच्या, "हिची खोड मला माहीत आहे. नवीची कुठे शोधत बसू?"

काका डेपोत गाड्या दुरुस्त करायचे. त्यांची मोजायची अवजारे वेगळी होती. चाळीस वर्षे एका घरात राहूनही त्यांना मला हातात घ्यायची वेळ आली नव्हती.

बाई होत्या तेव्हाच आमच्या रस्त्याला नवे गटार आणि पदपथ झाला. पदपथ एवढासा, की त्यावर मांजर आडवे झोपले तर माणसाने रस्त्यावर उतरायचे. सहा महिन्यांनी घरोघरी नगरपालिकेचा कागद आला. त्याचे नाव विशेष आकारणी. नेहमीचा घरपट्टीचा कर आहे तो आहेच, हा वेगळा. घराची जेवढी बाजू पदपथाला लागून, तेवढ्या फुटांचे पैसे.

"पैसे फुटावर घेणार, आणि फूट मोजायला कुणी येणार नाही," वायरमन म्हणाला. "हापिसात बसून नकाशावर पट्टी ठेवली असेल."

तसेच झाले होते. आमचे घर कोपऱ्यावरचे. पुढची भिंत एक्केचाळीस फूट, पण कागदावर बासष्ट लिहिले होते. बाजूच्या बोळातली भिंतही त्यांनी धरली होती. बोळात ना पदपथ, ना गटार. बासष्टचा आकडा कायम झाला तर बाईंची शिवणाची खोली भाड्याने द्यावी लागणार होती. दुसरे काही देण्यासारखे घरात नव्हते.

लोक हापिसात खेपा घालत होते. या खिडकीवरून त्या खिडकीवर. साहेब जेवायला गेलेत, साहेब बैठकीत आहेत, तुमचा कागद दुसऱ्या विभागात आहे. शेवटी एका कारकुनाने सांगितले, की माप चुकले वाटत असेल तर स्वतः मोजा आणि हरकतीचा अर्ज करा.

तेव्हा बाईंनी मला गळ्यात घातले आणि रस्त्यावर उतरल्या. आमचे धरून अकरा घरे त्यांनी मोजली. वाकायचे, खडूची खूण करायची, मला पुढे न्यायचे. खाटेवर पडून असलेल्या एका आजोबांनी खिडकीतून विचारले, "काय गं, भिंतीला शर्ट शिवतेस का?"

"शिवते की. पण कापड तुमचं," बाई म्हणाल्या.

माझी पूर्ण लांबी त्या एकोणसाठ धरत. एकही आकडा चुकला नाही. अकरा अर्ज त्यांनीच लिहिले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा दिवस होता.

सुनावणीची तारीख आली तेव्हा बाई जाऊन तीन आठवडे झाले होते. काका तेव्हा कशालाच नको म्हणत नव्हते आणि हो म्हणत नव्हते. कुणी ताट पुढे ठेवले तर जेवत, नाही ठेवले तर बसून राहत. पण सुनावणीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला खिळ्यावरून काढले आणि पुढची भिंत मोजली. खोटे काही सांगायला नको, एवढाच त्यांचा विचार. माझ्या प्रत्येक लांबीचे त्यांनी साठ इंच धरले. शेवटचा आकडा होता तसा घेतला. बेरीज एक्केचाळीस फूट नऊ इंच आली. ती त्यांनी तीनदा केली. मी त्यांच्या हातात होते, पण मला बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खिशात होते. साहेबांनी विचारले, "हे माप कुणी घेतलं?"

"माझ्या बायकोनं."

"बरोबर आहे?"

"नाही साहेब. पाऊण फूट कमी लिहिलंय. चुकलं तिचं."

साहेबांनी बाकीचे अर्ज उलटून पाहिले. "हे अक्षर सगळीकडे एकच आहे. ही सगळी मापं त्यांचीच?"

"हो."

"मग ही धरता येणार नाहीत. तीस दिवसांत पुन्हा मोजून नवे अर्ज द्या. नाहीतर आमचे आकडे कायम."

बाहेर आल्यावर वायरमन म्हणाला, "काका, पाऊण फुटासाठी एकवीस फूट घालवलेत. आणि आम्हालाही ओढलंत." मग हळू म्हणाला, "काकू अंदाजानंच मोजत असणार म्हणा." त्यानंतर शेजारी दारावरून जाताना मान फिरवू लागले.

त्या तीस दिवसांतल्या एकविसाव्या दिवशी गल्लीतली नर्स तिचा गणवेश न्यायला आली. तो अर्धवटच राहिला होता. "काका, नुसती कंबर मोजून सांगा. मी दुसरीकडून शिवून घेईन."

काकांनी मोजले. "एकतीस."

"म्हणजे तीस. काकूंची टेप एकपासून सुरू होते ना. काकू दर वेळी म्हणायच्या, एक इंच माझा."

काकांनी माझे कापलेले टोक खिडकीशी नेऊन पाहिले. बराच वेळ पाहिले.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत होतं, काका."

ती गेल्यावर ते मशीनपुढच्या स्टुलावर बसले. बाईंच्या वहीमागे त्यांनी आठ वेळा एकोणसाठ मांडले, वरचे वीस मिळवले. एक्केचाळीस फूट बरोबर आले. त्यांनी पेन्सिल ठेवली. रडले नाहीत.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. घरातली जुनी वस्तू जपून ठेवा, पण तिची खोडही विचारून ठेवा. विचारायचे ते माणूस जवळ आहे तोवर.

आज सव्विसावा दिवस. मी खिळ्यावर आहे. नवे अर्ज लिहायचे राहिले आहेत. आणि बाईंचे माप बरोबर होते, हे दहा घरांना सांगायचे राहिले आहे.