पाद्रीणबाईंची मर्जी

इंगवारने धक्क्यावरून हाक मारली की पलीकडच्या बेटावरचा बेरंट दार उघडायचा, असा त्याचा आवाज. एवढ्या खणखणीत गळ्याच्या माणसाने बदकांच्या बेटावर घरजावई म्हणून यावं, ही दैवाची थट्टाच. कारण वसंतात एडर बदकं समुद्रातून वर चढली की इथं कुणी चढ्या आवाजात बोलायचं नाही, हातोडा उचलायचा नाही, कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत. नवरा-बायकोने भांडायचं तेही कुजबुजत. त्याची बायको हालडिस त्यात इतकी पटाईत, की इंगवारला वाटे, ही बाई ओरडली असती तर परवडलं असतं.

बदकं कुणाची पाळलेली नव्हेत. वर्षभर त्यांचं बिऱ्हाड समुद्रावर. अंडी घालायला मात्र मादी जिथं जन्मली तिथंच परतते, माणसांनी रचलेल्या दगडी खोपट्यांत, वाळलेल्या समुद्रशेवाळाच्या गादीवर. नर काळा-पांढरा पोशाख मिरवतो आणि अंडी पडली की काढता पाय घेतो. तपकिरी मादी छातीची मऊ पिसांची लव उपसून अंड्यांभोवती लावते आणि जवळजवळ महिनाभर उपाशी बसून राहते. पिल्लं गेल्यावर मागे उरलेल्या त्या लवेच्या रजया होतात. हालडिसच्या आजीच्या काळी बदकं शेकड्यांनी येत. आता निम्म्याहून जास्त खोपटी रिकामीच राहायची.

सगळ्यांत जुनी मादी स्वयंपाकघराच्या पायरीखाली बसायची. हनुवटी वर करून ठुमकत यायची, म्हणून तिचं नाव पाद्रीणबाई. नाकावर माशी बसू द्यायची नाही. ती बसली की बाकीच्या बसत. ती बिथरली तर बाकीच्यांचाही भरवसा नाही, आणि एकदा बिथरलेली बदकं पुढच्या वर्षी फिरकतीलच असं नाही.

पाद्रीणबाई अंड्यांवर बसली आणि त्याच आठवड्यात हालडिस ओल्या खडकावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळाच्या बोटीत चढवताना तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण ओठ हलत होते. इंगवारने कान खाली नेला.

"रोज फेरी मार. फेरी चुकली की घारी-कावळ्यांना कळतं, घर राखायला कुणी नाही. आणि खोकू नकोस."

दुसऱ्या दिवशी तो आपला पिवळा रेनकोट घालून, श्वास रोखून पायरीपाशी गेला. पाद्रीणबाईने त्याला एकदा पाहिलं, अंड्यांवर भसकन घाण केली आणि उडून गेली. तिच्यामागे आणखी दोघी. इंगवार मागे सरतो न सरतो तोच एका समुद्रपक्ष्याने झडप घातली आणि एक अंडं उचललं.

टेलिफोनच्या घंटीला लोकरी मोजा बांधलेला होता. रजई डोक्यावर घेऊन त्याने इस्पितळात हालडिसला फोन लावला.

"काय घातलं होतंस?" तिने विचारलं.

"रेनकोट."

"अरे देवा! पिवळा? इंगवार, त्या तुला ओळखत नाहीत. माझे कपडे घाल. करडा स्वेटर, तपकिरी स्कर्ट, डोक्याला रुमाल. आणि मी गुणगुणते तसं गुणगुण."

"मी? स्कर्ट?"

"नाहीतर बसू दे अंडी गार होत."

स्वेटर बेंबीपर्यंतच आला. स्कर्टला मागे दोरी बांधावी लागली. दाढीवर रुमालाची गाठ बसेना. पाद्रीणबाई परतून बसली होती. इंगवार लांबवर दगडावर बसला आणि बेसूर गुणगुणू लागला. ती उठली नाही. रोज तो थोडा जवळ सरकत गेला.

मासे घेऊन आलेल्या बेरंटने ते सोंग पाहिलं आणि टोपीच तोंडात कोंबली. हसून त्याची मुरकुंडी वळली, तीही बिनआवाजाची.

"काय गं बाई," डोळे पुसत तो कुजबुजला, "नवरा कुठंय तुझा?"

"मेला," इंगवार कुजबुजला. "मासे ठेव आणि चालू लाग."

रात्री मात्र घर त्याला खायला उठायचं. हालडिसच्या खुर्चीकडे पाठ करून तो उकडलेले बटाटे गिळायचा.

अंडी फुटली त्याच दिवशी बेरंटने हालडिसला घेऊन बोट लावली. तिच्या अंगात भाचीने दिलेलं निळं जाकीट, काखेत कुबड्या. दगडांवर टक टक आवाज झाला तशी पाद्रीणबाईने मान ताठ केली, फिस्कारली आणि अर्धवट उठली. तिच्याखाली ओली पिल्लं चिवचिवली.

हालडिस जागच्या जागी थिजली. "मला ओळखलं नाही तिने," ती म्हणाली. डोळे भरले होते. तरी आपल्याच स्कर्ट-रुमालातल्या इंगवारला पाहून जीभ गप्प राहीना. "माझ्या घरात सवत आणलीस होय रे!"

इंगवार तिच्याजवळ आला. रुमाल सोडून तिच्या डोक्याला बांधला. बोचऱ्या वाऱ्यात स्वेटर उतरवून तिच्या अंगात चढवला. कुबड्या गवतावर ठेवल्या आणि तिला कमरेत धरलं. स्वेटरमधली हालडिस, बाजूला स्कर्टमधला इंगवार, दोघं मिळून एक बाई पुढे सरकली. हालडिस गुणगुणली. तो बेसूर साथीला लागला.

पाद्रीणबाईने दोघांकडे पाहिलं, आणि खाली बसली.

दुसऱ्या दिवशी कोरडी झालेली पिल्लं आईमागून समुद्राकडे निघाली. किनाऱ्यावर दुसऱ्या दोघी माद्या आपापली पिल्लं घेऊन सोबतीला आल्या आणि पिल्लांची एकच पंगत झाली.

"मला आता वाकता यायचं नाही," हालडिस म्हणाली. "पुढच्या वर्षीपण स्कर्ट तुझाच. शोभतोय मेल्याला."

इतकी वर्षं ती म्हणायची, तुला काही म्हणून हळू बोलता येत नाही. इंगवारने तिच्या कानाशी तोंड नेलं.

"तुझ्यावाचून मला एक घास गोड लागला नाही."

आसपासच्या खोपट्यांत बदकं अजून बसलेली होती. एकीनेही मान वर केली नाही.