न घेतलेलं वजन

या मित्रांनो, उभे राहा माझ्यावर. फक्त चपला काढा आणि भिंतीला हात टेकू नका. हात टेकला की माझी सुई लबाडी करते आणि बोल मात्र मला लागतो. मी एक म्हातारा वजनकाटा आहे. जाम गावच्या चौकापासून जरा आत, कपाशीच्या शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यावर एक आरोग्य उपकेंद्र आहे. तिथं दारामागे, झाडू आणि पाण्याचा माठ यांच्या मधोमध माझी जागा. माझा निळा रंग उडाला आहे, कडेला गंज चढला आहे, पण गोल काचेखालची सुई अजून शाबूत आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा वाकवून माझं अंग केलं, पोटात जाड स्प्रिंग बसवली. शेवटी एका कारागिरानं एकेक वजन ठेवून मला खरं बोलायला शिकवलं. माझा आकडा जुळेपर्यंत त्यानं मला खोक्यात जाऊ दिलं नाही. माझ्या पाठीमागे त्यानं एक छोटा स्क्रू बसवला. सुई शून्यावरून ढळली तर तो फिरवायचा, की झालं. एवढीच माझी देखभाल.

इथल्या नर्स म्हणजे कोकिळाताई. दर महिन्याच्या एका मंगळवारी त्यांच्याकडे गावातल्या गरोदर बाया तपासणीला येत. आधी माझ्यावर उभं राहायचं, मग दंडाला रक्तदाबाचा पट्टा, मग रक्त आणि लघवीची तपासणी. पोटात बाळ वाढतं तसं आईचं वजन हळूहळू वाढायला हवं. वाढलं नाही तरी काळजी, आणि एकदम उसळलं तरी काळजी. माझा आकडा ताई प्रत्येकीच्या कार्डावर लिहीत. इतर दिवशी शाळेची मुलं यायची, कधी सरपंच यायचे. ते पोट आत ओढून उभे राहायचे, जसं काही पोट आत गेलं की वजनही आत जातं! पण मी त्यांनाही कधी सूट दिली नाही. ‘ह्या काट्याचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ,’ असं ताई म्हणायच्या, आणि मी खुशाल फुशारकी मारायचो.

मग माझ्या हातून घात झाला.

त्या दिवशी फरशी धुवायची म्हणून मला ओट्यावर ठेवलं होतं. गावातल्या विमलाबाईंचा थोरला मुलगा रोशन तिथून जात होता. खांद्यावर तुरीचं पोतं. किती भरलं ते पाहावं म्हणून त्यानं ते धाडकन माझ्यावर टाकलं. माझ्या पोटात काहीतरी कुरकुरलं. पोतं उचलल्यावर सुई शून्यावर परत आलीच नाही, तीन किलो मागेच अडकून बसली. रोशन निघून गेला. मला उचलून दारामागे ठेवलं गेलं. पाठीमागच्या स्क्रूकडे कोणी पाहिलं नाही.

पुढच्याच मंगळवारी रोशनची बायको रीता आली. सहावा महिना चालू होता. मी तिचं वजन घटल्याचं दाखवलं. कोकिळाताई घाबरल्या आणि तिला हिंगणघाटच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. चार दिवस त्या घरात कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही. रीता रडून रडून अर्धी झाली. शेवटी कळलं की बाळ ठणठणीत आहे आणि वजनही नीट वाढलं आहे. खोटा होतो तो मी.

विमलाबाई तरातरा उपकेंद्रात आल्या. “तुमचा काटा खोटा, तुमच्या तपासण्या खोट्या! पोरीले उगाच भेव घालता!” मला मान असती तर मी ती खाली घातली असती. कोकिळाताईंनी स्क्रू फिरवला, मी पुन्हा खरं बोलू लागलो. पण गेलेला विश्वास स्क्रू फिरवून येत नाही. चूक माझी एकट्याची, आणि विमलाबाईंनी हद्दपार केलं सगळ्याच तपासण्यांना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. माझ्यामुळे बिचारा रक्तदाबाचा पट्टाही त्या घराला परका झाला.

तीन वर्षांनी विमलाबाईंच्या धाकट्या सुनेला, आकांक्षाला दिवस गेले. तिचं माहेर आष्टीकडचं, स्वभाव अबोल. ती तपासणीला येईना, म्हणून कोकिळाताईंनी मला स्कूटीवर पायाशी ठेवलं आणि घर गाठलं. विमलाबाई वाईट नव्हत्या हो. त्यांनी आग्रहानं चहा पाजला, सुनेसाठी केलेला डिंकाचा लाडू ताईंच्या हातावर ठेवला. पण तपासणीचं नाव काढताच त्यांनी हात जोडले.

“कोकिळाबाई, वेलावरच्या कोवळ्या काकडीकडे बोट दाखवलं का ते सडते. आमची आजी आम्हाले बोट मुडपून दाखवाले लावे. पोटातल्या लेकराले काय मोजता? एकदा मोजलं, तं चार दिवस मरण पाह्यलं आम्ही.”

ताईंनी खूप समजावलं. रीताच्या वेळी काटा बिघडला होता, तपासणी नव्हे, हेही सांगितलं. विमलाबाई हलल्या नाहीत. आकांक्षा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि माझ्या काचेकडे टक लावून पाहत होती. मला वाटलं, आता कोणीतरी तिला विचारेल. कोणी विचारलं नाही. ताईंनी वहीत ‘नकार’ असं लिहिलं. तो नकार विमलाबाईंचा होता, नाव मात्र आकांक्षाचं. असं आम्ही तीनदा गेलो आणि तीनदा चहा पिऊन परत आलो.

आठव्या महिन्यात ताईंनी चौथी खेप केली. आकांक्षाचं तोंड फुगलं होतं, बांगड्या मनगटात रुतल्या होत्या, पावलांत चप्पल शिरत नव्हती. विमलाबाई कौतुकानं सांगत होत्या, “पाहा, कशी अंग धरून राह्यली माही सून!” सूज म्हणजे बाळसं, असा त्यांचा भाबडा समज. पण ताईंचा चेहरा उतरला. त्या विमलाबाईंना ओलांडून सरळ आकांक्षापुढे जाऊन बसल्या.

“तुले काय होऊन राह्यलं, तू सांग मले.”

आकांक्षाचे डोळे भरून आले. “डोकं लय दुखून राह्यलं, ताई. दोन दिवसांपासून डोयापुढं काजवे चमकते.”

“काऊन वं, मले काऊन नाई सांगतलं?” विमलाबाई दचकल्या.

“तुम्हीच म्हणत होत्या, अंग भरलं. मले वाटलं असंच राह्यते.”

आकांक्षा माझ्यावर उभी राहिली. मी माझ्या सगळ्या ताकदीनं खरा आकडा दाखवला, एकोणसत्तर. ताईंनी सवयीनं विचारलं, “मागच्या महिन्यात किती होतं?” कोणालाच माहीत नव्हतं. कार्डावरचे सगळे रकाने कोरे होते. मित्रांनो, एकटा आकडा मुका असतो. त्याच्या मागे दुसरा आकडा असेल तरच तो काही सांगू शकतो. मी त्या दिवशी अगदी खरा होतो आणि अगदी निरुपयोगी. नशीब, पट्टा तसा नव्हता. रक्तदाब भयंकर वाढलेला निघाला आणि लघवीच्या पट्टीचा रंगही बदलला, म्हणजे लघवीतून प्रथिनं जात होती.

ताईंनी एकशे आठला फोन लावला. आकांक्षाचा नवरा धीरज शेतातून धावत आला. गाडीत आकांक्षाला झटके आले, हे मला नंतर कळलं. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी शर्थ केली आणि तिला वाचवलं. बाळ वाचलं नाही. मुलगी होती.

आमच्याकडे बाळंतिणी दीड महिन्यानं येतात तेव्हा आधी बाळाला छातीशी धरून माझ्यावर उभ्या राहतात. मग बाळ दुसऱ्या कोणाकडे देऊन एकट्या उभ्या राहतात. पहिल्यातून दुसरं वजा केलं की बाळाचं वजन निघतं. आकांक्षा आली, ती एकदाच उभी राहिली. कोकिळाताईंनी तिचा हात धरला. “तीनदा आली मी तुह्या घरी, पण तुले एकदाही विचारलं नाई,” असं म्हणून त्या रडल्या. मलाही त्या दिवशी फार वाईट वाटलं. त्या तुरीच्या पोत्यानंतर कोणी माझ्या सुईकडे नुसतं पाहिलं असतं तर, हा विचार माझा पिच्छा सोडत नाही.

दोन वर्षांनी, म्हणजे याच मंगळवारी, आकांक्षा पुन्हा आली. तिसरा महिना लागला आहे. सोबत विमलाबाई होत्या, खूप वाळलेल्या दिसल्या. कोकिळाताईंनी सुई शून्यावर आहे ना ते पाहिलं आणि आकांक्षाला विचारलं, “वजन, रक्त, सगळं तपासू ना?” सवयीनं तिनं सासूकडे पाहिलं.

विमलाबाई म्हणाल्या, “माह्याकडे नोको पाहू, बाई. तुह्या जिवाचं आहे, तूच सांग.”

आकांक्षानं चपला काढल्या. मग म्हणाली, “तपासा ताई.” आणि माझ्यावर चढली. अठ्ठेचाळीस. नव्या कार्डाच्या पहिल्या रकान्यात पहिला आकडा पडला.

मित्रांनो, मी आता किती दिवस पुरेन, सांगता येत नाही. तोवर माझ्यावर उड्या मारू नका, पोती टाकू नका, सुई ढळलेली दिसली तर मोठ्यांना सांगा. आणि तुमच्या घरी कोणी बाळाची वाट पाहत असेल, आई, काकी, नाहीतर वहिनी, तर तिच्याजवळ जाऊन बसा. डोकं दुखतं का, पाय सुजले का, हे तिलाच विचारा. ती आपणहून सांगेलच असं नाही.