ग्लोगोवोचे पान

मेतोदींनी माऊस हलवला आणि बोट दाबायच्या आत थांबवले. पडद्यावर संकेतस्थळांचे पॅनल विचारत होते: डोमेनबरोबर, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाबरोबर, त्याची पाने असलेले फोल्डरही काढून टाकायचे का? गेल्या वर्षी मार्चमध्ये याच प्रश्नाला त्यांनी चहा ढवळता ढवळता 'हो' म्हटले होते. त्या एका 'हो'मुळे इटलीतल्या फेराराहून आलेले इल्काचे पत्र आठ महिने टेबलाच्या खणात बिनउत्तराचे पडून होते.

"झालं का?" कपाटामागून रुसकाने विचारले. वाचनालय आता ती सांभाळत होती. मेतोदी निवृत्त झाले त्याला नऊ वर्षे झाली होती, तरी रोज सकाळी ते येऊन बसत. गावातल्या आणि आसपासच्या खेड्यांच्या सात संकेतस्थळांची देखभाल त्यांच्याकडे होती. ती दुसऱ्या कुणाला येत नव्हती. खरे म्हणजे कुणाला नकोच होती.

"गायनमंडळाचं काढतोय."

"काढा. दोघीच तर उरल्यात. त्याही एकमेकींना नुसत्या आवाजावरून ओळखतात, तोंड बघत नाहीत."

मेतोदींनी 'नाही' दाबले. डोमेन यादीतून गेले, फोल्डर राहिले. मग ते यादीकडे बघत बसले. सहा नावे एकाखाली एक. तिसरे ग्लोगोवो खेड्याचे. नाव होते, पण नावामागे काहीच नव्हते.

सगळे संगणकाचे शिक्षण त्यांनी पुस्तके वाचून घेतले होते. सुरुवातीला खात्यात एकटा मधपाळ संघ होता. ग्लोगोवोचे पान करायची वेळ आली तेव्हा त्यांनी त्याचे फोल्डर संघाच्या फोल्डरच्या आत ठेवले. चार पानांची पुस्तिका हरवू नये म्हणून ती जाड ग्रंथात घालून ठेवावी, तसे. चाळीस वर्षे वाचनालयात हेच केले होते आणि एकही पुस्तिका हरवली नव्हती. पुढे मधपाळ भांडले, संघ मोडला, त्याचे डोमेन काढायचे ठरले. ग्रंथ गेला, पुस्तिकाही गेली. संकेतस्थळांना जागा देणाऱ्या होस्टिंगवाल्यांकडे जुन्या प्रती तीस दिवस राहतात. मेतोदींना कळले चार महिन्यांनी, इल्काचे पत्र आले तेव्हा. तोवर त्या पानाकडे दुसरे कुणी फिरकलेच नव्हते.

त्यांनी खण उघडला. पत्र पाठ झाले होते, तरी उलगडले.

'मेतोदीकाका, मार्चपासून ग्लोगोवोचं पान उघडत नाही. आपोआप सुरू होईल म्हणून इतके दिवस वाट पाहिली. तुमचा ईमेलही त्याच पानावर होता, म्हणून वाचनालयाच्या पत्त्यावर लिहिते आहे. आई गेली त्या आठवड्यात, मी सांभाळते त्या म्हाताऱ्या सिन्योरांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, त्यांना सोडून मला येता आलं नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. शेजाऱ्यांनी आईबद्दल लिहिलेलं मी दर रविवारी वाचायची. पान दुरुस्त होत नसेल तर निदान पेनाकाकीने लिहिलेलं तेवढं पाठवा. तिने आईला माफ केलं हे मला त्यावरूनच कळलं. सिन्योरा आहेत तोवर मी याच पत्त्यावर आहे. त्यांना आता चौऱ्याण्णव पूर्ण झाली.'

पत्रावर जुलैची तारीख होती. बाहेर अंगणातल्या बर्फाचे पाणी होऊ लागले होते.

मेतोदींनी पत्र घडी करून बाजूला ठेवले आणि पॅनलमध्ये नवे फोल्डर उघडले. त्याला ग्लोगोवोचे नाव दिले, डोमेन त्याकडे वळवले. हे करताना त्यांचा हात सराईत होता. मग कोऱ्या पानावर टाइप करायला लागले तेव्हा मात्र एकेक अक्षर शोधू लागले.

रुसका पुस्तकांचा गठ्ठा घेऊन मागे येऊन उभी राहिली. तिने मोठ्याने वाचले.

"'प्रिय देना, आपल्या दोन अंगणांमधली भिंत आज मला फार उंच वाटते आहे. जे झाले ते मातीला मिळो. तुझी पेना.'" ती थांबली. "हे पेनाने म्हटलं? विहिरीच्या भांडणावरून अकरा वर्षं जी इल्काच्या आईच्या कोंबड्यांशीसुद्धा बोलली नाही, ती पेना?"

मेतोदींनी कीबोर्डावरचे हात मांडीवर घेतले.

"काका?"

"शोकपत्रकं दारांवर लावली होती," ते म्हणाले, "देना गेली त्याच्या चाळिसाव्या दिवसाची. मी त्यांचे फोटो काढायला गेलो होतो. म्हटलं, इल्का तिकडे एकटी आहे, प्रत्येकाने दोन शब्द सांगा, मी पानावर घालतो. पेना फाटकाशी आली. म्हणाली, तुम्हीच लिहा काहीतरी बरं दिसेलसं. तुम्ही शिकलेले."

"आणि बाकीचे?"

"बाकीचेही तेच म्हणाले."

"सगळे?"

"दहा जण."

रुसकाने गठ्ठा टेबलावर ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसली. "मग सोपं आहे की! तुमचंच तुम्ही परत लिहा. आठ महिने काय अंडी उबवत होतात? पेना गेली, तिचा नवरा गेला. ग्लोगोवोत चार चुली पेटतात. कोण येणार आहे विचारायला?"

"मलाही तेच वाटलं." मेतोदींनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. काच स्वच्छ झाली तरी पुसत राहिले. "दहाही मला जवळजवळ पाठ आहेत, रुसका. पहिल्या आठवड्यातच पाठवू शकलो असतो."

"मग?"

त्यांनी चष्मा लावला. पडद्यावरच्या तीन ओळी पुन्हा वाचल्या. भिंत, माती. लिहिली तेव्हा आवडली होती ती ओळ. घरी जाताना वाटेत दोनदा मनात म्हणून पाहिली होती.

"ती दर रविवारी हे वाचत होती," ते म्हणाले.

रुसका पुढे झुकली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "म्हणजे आता हेही सांगणार, शब्द तुमचे होते म्हणून? पान मी पुसलं एवढं सांगा ना. तिच्यापाशी तेवढंच आहे, काका. तेही काढून घेताय."

"हो."

"कशासाठी? तुमच्या जिवाला हलकं वाटावं म्हणून?"

असेलही तसे; मेतोदींना स्वतःबद्दल खात्रीने काही म्हणता येत नसे. त्यांनी तीन ओळी पुसल्या, फोल्डर रिकामेच ठेवले आणि पॅनलमधून बाहेर पडले. मग खणातून कागद काढला.

"दहा जण म्हणालात," रुसका उठता उठता म्हणाली. "चाळिसाव्याला तर तिथं अकरा घरं होती."

"लाझारने स्वतः सांगितलं होतं. ते मी लावलं नाही."

"का? शिवी दिली?"

"नाही. शोभत नव्हतं."

रुसका परत खुर्चीत टेकली.

"म्हणाला, देना दर पानगळीत माझी शिडी न्यायची, आक्रोड उतरवायला. आणि परत आणायची ती धुऊन. पायरी न् पायरी. एवढंच लिहा, म्हणाला." मेतोदींनी पेनचे टोपण काढले. "मला वाटलं, शोकाच्या पानावर शिडी कुठे घालायची. त्याच्या नावावर मी दिवा मालवल्याचं काहीतरी घातलं."

रुसका गठ्ठा उचलून कपाटांकडे गेली.

मेतोदी लिहीत राहिले. पत्र एका पानाचे झाले. पान कसे गेले ते लिहिले, 'चुकून' हा शब्द एकदाच वापरला. पेनाचे शब्द पेनाचे नव्हते आणि तिने माफ केले की नाही हे आपल्याला माहीत नाही, ते लिहिले. त्या ओळीपाशी पेन दोनदा टेकला, म्हणून तिथे शाईचे दोन ठिपके पडले. शेवटी लाझारचे वाक्य लिहिले, जसेच्या तसे. त्याला काही जोडावेसे वाटले, पण जोडले नाही. दुसऱ्यांदा वाचूनही पाहिले नाही. वाचले असते तर ते खणात गेले असते.

पोस्टात खिडकीपाशी दुसरे कुणी नव्हते. बाईने पाकीट वजनाला ठेवले, पत्ता वाचला.

"साधं की पोचपावतीचं?"

मेतोदी घुटमळले. साधे पाठवले की ते जाईल, आणि मग काहीच कळणार नाही. तेच बरे होते.

"पोचपावतीचं."

"त्या पत्त्यावर कुणी नसेल तर परत येईल, बरं का. तुमच्याकडेच. महिनाभराने वगैरे."

"हो."

"फेरारात कोण, लेक?"

"नाही," मेतोदी म्हणाले. "ओळखीच्या एका बाईंची."

बाईने पाकीट उलटे केले. मागची बाजू कोरी होती. तिने खिडकीतून ते परत पुढे सरकवले आणि दोरीला बांधलेला पेन त्यावर ठेवला.

"नाव घाला की स्वतःचं."

त्यांनी नाव लिहिले, खाली वाचनालयाचा नाही, घराचा पत्ता लिहिला, आणि पाकीट आत सरकवले. बाईने शिक्का मारला आणि न बघता ते मागच्या थैलीत टाकले.