गल्ल्यावर कोण बसायचं

लेकीला दारूचा वाससुद्धा येऊ नये म्हणून भिकनअप्पांनी जयश्री सुरतेला दिली होती. दोंडाईच्याच्या एका परमिट रूममध्ये सत्तावीस वर्षं मॅनेजरकी केलेला माणूस. दारूपायी घरं कशी बसतात ते त्यांच्याइतकं कोणी पाहिलं असणार? धुळ्याची, नंदुरबारची बरी बरी स्थळं चालून आली, पण अप्पा हटून बसले. पोरगी गुजरातेतच द्यायची, तिकडे दारूबंदी आहे. वा रे दारूबंदी! लग्नाला सहा महिने होत नाहीत तोच जावई योगराज सुरतेतल्याच गोडादऱ्याच्या कुठल्याशा बोळातून दारूची पोटली खिशात घालून यायला लागला. पुढे कावीळ झाली, महिनाभर दवाखान्यात पडला, तेव्हा कुठे दारू सुटली. आता घोटभर जरी गेली तरी पेशंट हाताला लागणार नाही, असं डॉक्टरांनी जयश्रीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्याला चार वर्षं झाली. चार वर्षं तिने नवऱ्याला डोळ्यांत तेल घालून जपलं.

आणि आता हाच योगराज एम्ब्रॉयडरीच्या दोन्ही मशिनी विकून नवापूरला परमिट रूम चालवायला घेणार होता. हद्द ओलांडली की महाराष्ट्र, सगळं कायद्यात बसतं. सुरतेची पोरं शनिवार-रविवार तिकडेच पळतात, मग आपण का कमवू नये, हा त्याचा हिशेब. सोमवारी बयाणा द्यायचं ठरलं होतं.

रविवारी सकाळी जयश्रीने अप्पांना ओट्याजवळ गाठलं.

"अप्पा, तुम्ही एकदा त्यांना नको म्हणा. दिवसभर बाटल्यांच्या पुढे बसून हा माणूस कोरडा राहील का? तुम्हीच सांगा."

"मी कोणत्या तोंडाने सांगू, माय? ताटात त्यांचीच भाकर आहे माझ्या."

हे खोटं नव्हतं. आपल्याकडे लेकीच्या घरचं पाणी प्यायलाही माणूस दहादा विचार करतो, आणि अप्पा तर बायको रुक्मिणी गेल्यापासून दोन वर्षं इथेच राहत होते. जावई आला की खाटेवरून उठून बाजूला व्हायचं, टीव्ही त्याला हवा तो लावू द्यायचा. अशा माणसाने जावयाला धंदा करू नको म्हणायचं म्हणजे काय?

"मग घाबरवा तरी," जयश्री म्हणाली. "त्या धंद्यातली घाण सांगा. तुम्ही काय कमी पाहिली?"

हे अप्पांना पटलं. दुपारी भरीत-भाकरी खाऊन योगराज आपणहूनच समोर येऊन बसला. हातात मोबाईल.

"बोला अप्पा. घरात एवढा अनुभवी माणूस असताना मी बाहेर कोणाला विचारू?"

अप्पांनी घसा खाकरला. "फार वाईट धंदा, योगराजराव. कामावरची माणसंच आधी गळा कापतात. भरल्या बाटलीतून काढतात आणि तेवढं पाणी घालतात. शिव्या मालकाला."

"म्हणजे सील गिऱ्हाइकाच्या समोर फोडायचं. बराबर." योगराजचा अंगठा मोबाईलवर चालू झाला.

"नुसत्या सीलने काय होतंय!" अप्पांना राहवलं नाही. "रिकामी बाटली मागे भंगारात गेली की त्यात भेसळीचा माल भरून परत तुमच्याच नावावर येतो. रिकामी झाली की तिथल्या तिथे लेबल फाडायचं."

"सरस! हे मला सुचलंच नसतं."

अप्पांनी जीभ चावली. मग मारामाऱ्यांचं सांगितलं. खुर्च्या फुटतात, डोकी फुटतात, पोलीस आधी मालकाला बोलावतात. योगराजने विचारलं, मग तुम्ही काय करायचात? आणि अप्पा सांगून गेले, की लोखंडी खुर्च्या ठेवायच्याच नाहीत, भांडकुदळ टोळकं भिंतीकडे बसवायचं, दाराकडे नाही. सत्तावीस वर्षांत त्यांना असं कोणी विचारलंच नव्हतं हो! रुक्मिणीने त्या धंद्याचं नाव घरात काढू दिलं नाही, पाहुण्यांना ते हॉटेलात आहेत असंच सांगितलं. आणि इथे जावई तोंड भरून कौतुक करत होता. म्हातारा हुरळला. स्वयंपाकघरात पातेलं दाणकन आपटलं, तेव्हा कुठे ते भानावर आले.

आता मात्र त्यांनी ठरवलं, की पोटात गोळा येईल असं काहीतरी सांगायचं.

"सकाळचं गिऱ्हाईक पाहिलंय का तुम्ही? दार उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसतं. हात असे लटलट कापतात. ग्लास तोंडापर्यंत जात नाही. भरून दिला तर सगळं अंगावर सांडतं आणि माणूस लहान पोरासारखा रडतो. त्याला ग्लास अर्धाच भरून द्यावा लागतो. दोनदा."

"अर्धा ग्लास, दोनदा." योगराजने तेही टिपलं. "अप्पा, तुम्ही म्हणजे खजिना आहात, खजिना!"

अप्पांचं डोकं सणकलं.

"अहो, काय लिहिताय? कोणाला पाहून शिकलो मी हे, माहीत आहे? माझ्या मेहुण्याला. काशिनाथला."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. ते अप्पांच्या ध्यानात आलं, पण तोंड आता थांबेना.

"रोज सकाळी यायचा. रुक्मिणीने मला पोरीची शपथ घातली होती, माझ्या भावाला देऊ नका म्हणून. मी म्हणायचो, पायरी चढू देत नाही त्याला. आणि देत होतो. बायकोचा भाऊ, दारात आलेला, त्याला चार माणसांत हाकलू कसा? बाहेर जाऊन हातभट्टीची पिईल, त्यापेक्षा माझ्याकडची बरी, असंही वाटायचं. त्या अखाजीला तो बहिणीला माहेरी न्यायला निघाला होता. आधी माझ्याकडे आला. हात कापत होते. सणाचा दिवस, म्हणून मी वेटरला नाही सांगितलं, स्वतःच्या हाताने ओतून दिली. दोन क्वार्टर. आणि वर म्हटलं, जा, ती वाट पाहतेय. भर उन्हात निघाला. कॅनॉलच्या कडेला सापडला, तोंड पाण्यात. पाणी गुडघाभरही नव्हतं हो."

योगराजचा अंगठा थांबला होता.

"रुक्मिणी पिशवी भरून ओट्यावर बसली होती," अप्पा म्हणाले. "मी तिला सांगितलं, ऊन लागलं."

जयश्री दारात उभी होती. हात ओले. मामा ऊन लागून गेला हे तिने आईच्या तोंडून हजारदा ऐकलं होतं. आई दर अखाजीला, अक्षय तृतीयेच्या दिवशी, रडायची, अंगणात पाण्याचा माठ भरून ठेवायची, की माझ्या भावासारखं कोणी तहानेने जाऊ नये.

"आईला कळलं होतं?" तिने विचारलं.

"नाही."

"मरेपर्यंत?"

अप्पांनी मान हलवली. डोळ्यांना धार लागली होती. ती पुसायचीही त्यांना लाज वाटत होती.

योगराज हळूच म्हणाला, "वाईट झालं, अप्पा. पण ही गोष्ट बराबर आहे. नातेवाईकांना आत घ्यायचंच नाही. आधीच पाटी लावून टाकू." आणि त्याने तेही लिहून ठेवलं.

जयश्रीने नवऱ्याकडे पाहिलं. हा माणूस थांबणार नाही हे तिला त्या क्षणी कळलं. रडली नाही, ओरडली नाही. पदराला हात पुसले आणि बापाच्या पुढ्यात येऊन बसली.

"अप्पा, यांच्याबरोबर नवापूरला तुम्ही जायचं. गल्ल्यावर तुम्ही बसायचं. किल्ल्या तुमच्या कमरेला."

"जयू, मी चौसष्ट वर्षांचा झालो गं. त्या वासाने मला आता उलटी येते."

"येऊ द्या. मामाला तुम्ही नाही म्हणू शकला नाहीत, यांना म्हणायचं. रोज म्हणायचं. पाय धरतील, शिव्या देतील, जावई आहेत म्हणून तुम्ही गप्प बसायचं नाही. आणि यांना काही झालं, तर मला ऊन लागलं म्हणून सांगायला येऊ नका."

"अरे वा, हे तर एकदम सरस!" योगराज खूश झाला. "पगारी मॅनेजर शोधायचं कामच नाही."

अप्पांनी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे कुठे माया दिसते का हे ते शोधत होते. ती उठून भांडी घासायला गेली. मग त्यांनी जावयालाच विचारलं, सकाळची गाडी किती वाजता आहे म्हणून.