बिनमिठाचा मासा

"समुद्र माणसं तोडत नाही, जोडतो!" असं केसरीनाथने जाहीर केलं, ते साल २००७ होतं आणि तो वळ गावातल्या आपल्या गोदामातल्या उंदरांच्या लेंड्या झाडत होता.

सहा महिने गोदाम रिकामं होतं. आता भाडेकरू आला होता तो थेट नॉर्वेच्या वरच्या टोकाच्या बेटावरून. योहान, सुक्या मासळीचा व्यापारी. अडचण एकच. जमीन थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या नावावर, आणि आक्काने चाळीस वर्षं खाडीकाठी मासे सुकवलेले. करारावर तिचा अंगठा सहजी उठणार नव्हता.

आक्काने नमुन्याचा मासा ओट्यावर आपटला. टवका ओट्याचा उडाला. मग तिने माशाला जीभ लावली.

"मीठ न्हाय."

"वाऱ्यावर सुकतो म्हणतोय," मितेश दलालाने भाषांतर केलं.

"उन्हात न्हाय?"

"हिवाळ्यात तिकडे महिनाभर सूर्यच उगवत नाही, आक्का. नुसते काळे खडक, झाड औषधाला नाही. अख्खं गाव मासळीवर जगतं."

"जिथं सूर्याचा भरवसा न्हाय, तिथल्या मानसाचा काय धरायचा? नि तो दोन शब्द बोलला, तू चार वाक्यं कुठून आनलीस?"

मितेशने कराराचा कागद चाळायला घेतला. दलालाने कागदात डोकं खुपसलं की संशय दुप्पट होतो. केसरीनाथने घाईघाईने चहा पुढे केला. आक्काने कप बाजूला सारला.

"इचार त्याला, मासा टांगल्यावर कावल्यांचं काय करता?"

मितेशने विचारलं. योहानने कपाळावरचा घाम पुसून खिशातून पेन काढलं. कराराचा कागद उलटा केला आणि पाठीवर चित्र काढलं: लाकडी मांडव, शेपट्या बांधून लोंबणारे मासे, आणि मधल्या काठीला उलटा टांगलेला मेलेला कावळा.

आक्काने चित्रातल्या कावळ्यावर बोट ठेवलं.

"वर जालं पसरायचं, ह्ये कुनीबी सांगंल. मेलेला कावला टांगायचा, ह्ये ज्याचा मासा गेलाय त्यालाच म्हाईत."

तिने शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला. केसरीनाथचा ऊर भरून आला. "आजपासून आपली खाडी आणि उत्तर ध्रुव..."

तेवढ्यात योहान मितेशच्या कानाला लागला. आक्काचे डोळे बारीक झाले.

"बघ! अंगठा उठला नि अट आली. काय म्हनतो?"

मितेशने घसा खाकरला.

"म्हणतोय, पंखा जरा वाढवता का?"