पूजेतली पिन

"काम संपल्यावर डब्यात काही उरलं, तर मला सांगायचं. कितीही बारीक असो. मी जेवत असेन, झोपलो असेन, शिफ्टवर असेन, तिथं येऊन सांगायचं. शब्द दे."

अनंतरावांना जाऊन तीन वर्षं झाली होती. तरी दसऱ्याच्या सकाळी घटापुढे बसून कालची कोमेजलेली झेंडूची फुलं वेचताना लीलावतीला नवऱ्याचा तो आवाज कानाशी आल्यासारखा ऐकू आला. फुलाखाली एक पिन होती. बोटाच्या पेराएवढी, पोलादी. तिच्यावर कालचं हळदकुंकू वाळलं होतं.

बरखेड्यातल्या कारखान्याच्या वसाहतीत, त्यांच्या क्वार्टरमागे ती लाल, दोनच माणसांची, उघड्या टपाची गाडी वर्षानुवर्षं उभी होती. कारखाना उभा राहत होता तेव्हा आलेला एक इंग्रज इंजिनीयर परत जाताना ती अनंतरावांना पडत्या भावात देऊन गेला. गुळगुळीत डांबरावर पळायला जन्मलेली गाडी. आनंदनगरच्या पुढे गिट्टीचा, फोडलेल्या खडीचा रस्ता लागला की तिचं पोट दगडांना घासायचं. "हिला एकदा गिट्टीवरून पार नेणार बघ," असं अनंतराव म्हणायचे. ते राहूनच गेलं.

यंदा कारखान्यातल्या हौशी मंडळींनी दसऱ्याला गिट्टीवरची शर्यत ठेवली, आणि धाकट्या दिराने, मोहनने, गाडी विटांवर चढवली. तो फिटर होता, हातात कसब होतं, खिशात मात्र फारसं काही नव्हतं. मागच्या स्प्रिंगांच्या कमानींना भंगारातल्या जीपचं एकेक पातं जोडलं. पुढच्या स्प्रिंगांखाली जाड चकत्या घातल्या, की नाक चार बोटं वर उचललं जावं. दिव्यांच्या काचांना दगड लागू नये म्हणून लीलावतीची पिठाची जुनी चाळण कापून जाळ्या केल्या. आणि इंजिनाच्या पोटाखाली बसवला तो तिचा पुरणपोळ्यांचा मोठा लोखंडी तवा.

"वहिनी, आता पोळ्या कुठं करणार?" मोहनने विचारलं होतं.

"तुम्ही शर्यत जिंकून या, मग गाडीखाली आडवी होऊन करीन."

नट-बोल्टांचा डबा तिच्याकडेच असे. अनंतरावांच्या वेळेपासूनची ती रीत. निघालेला प्रत्येक बोल्ट घासलेटात धुवायचा, डब्यात मोजून ठेवायचा, मागतील तसा द्यायचा. पोथी वाचावी तशी ती हे काम न चुकता करी.

आणि चूक झाली ती नेमकी पूजेपायी.

काल खंडेनवमी. घरातली हत्यारं घटाजवळ पाटावर मांडायची, आणि एकदा कुंकू लागलं की दशमीचा नैवेद्य होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. मोहन सकाळपासून गाडीच्या पुढच्या भागाखाली होता. तिने मागच्या दारातून हाक मारली होती.

"भावजी, पाने-पकडी द्या. पूजा खोळंबलीय."

"पाच मिनिटं, वहिनी."

"तुमची पाच मिनिटं मला ठाऊक आहेत. परवा त्यात आमटी दोनदा गरम केली. पुढे राहुकाळ लागतोय."

"हा तुमचा राहू सरकारी नोकरीत आहे का? एक मिनिट मागं-पुढं चालत नाही त्याला?"

"द्या बघू."

गाडीखालून तेलकट हात बाहेर आला आणि त्याने हत्यारांची थाळी पुढे सरकवली. "घ्या सगळं. आता दात कोरायलासुद्धा काही उरलं नाही माझ्याकडे."

थाळीत होतं ते सगळंच तिने पाटावर मांडलं. पाने, पकड, हातोडी, आणि न बघता ही पिन. वर हळदकुंकू, अक्षता, झेंडू.

ही पिन कशाची, हे तिला कुणी सांगायला नको होतं. स्टिअरिंगचा दांडा पुढच्या चाकाला जिथे जोडलेला असतो, तिथे मुकुटासारख्या खाचांचा नट बसतो. त्याच्या खाचेतून ही पिन आरपार घालायची आणि तिचे पाय दोन बाजूंना फाकवायचे, म्हणजे गाडी कितीही हादरली तरी नट फिरत नाही. पिन नसेल तर डांबरावर काही वेळ निभावेल. गिट्टीवर नट कणाकणाने सैल होत जाईल, आणि मग हातात स्टिअरिंग असूनही चाक ऐकणार नाही.

ती उठली आणि डबा घेऊन आली. मनात म्हणाली, ही जुनी असेल, देवी, जुनी असू दे. डब्यात दोन्ही जुन्या पिना होत्या, वाकड्या पायांच्या, गंजलेल्या. नव्या मोहनने दोनच आणल्या होत्या, उजव्या चाकाची एक आणि डाव्या चाकाची एक. तिच्या तळहातावरच्या पिनेचे दोन्ही पाय सरळ होते, हात जोडल्यासारखे एकमेकांना चिकटलेले. ती कधी कुठे बसलीच नव्हती.



तासाभरापूर्वी कारखान्याच्या शॉपमधल्या चार मित्रांनी गाडीचं नाक हातांनी उचलून खालच्या विटा काढल्या होत्या. हत्यारं पूजेत, म्हणून पुन्हा पाना फिरवून कुणी काही तपासलं नव्हतं. बाजूच्या सीटवर मांडीवर नकाशा घेऊन मोहनची बायको सरोज बसली होती, डोक्याला रुमाल बांधून. "ताई, ह्यांनी वळण चुकवलं तरी बोल मलाच लागणार, तुम्ही साक्षीला आहात," असं म्हणून ती हसली होती. मोहन म्हणाला होता, "वहिनी, शिलंगणाला निघालो." आणि लीलावतीनेच त्या दोघांच्या कपाळी कुंकू लावलं होतं. त्याच बोटाने, ज्याने पिनेला लावलं.

भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ. शर्यत अकराला सुटणार होती, आनंदनगरच्या पुढे, डांबर संपतं तिथून.

ती शेजारी सुमनताईंच्या दारी गेली. कुलूप. त्यापलीकडेही कुलूप. सगळी वसाहत शर्यत बघायला गेलेली. जवळपास कुणाकडे फोन नव्हता. ती परत आली आणि घटापुढे उभी राहिली.

समईची ज्योत शांत जळत होती. नऊ दिवस हा दिवा विझू द्यायचा नाही, घर रिकामं टाकायचं नाही, पायात चप्पल घालायची नाही, असं तिचं व्रत. आज दुपारी नैवेद्य झाला की सुटणार होतं. तीन वर्षांपूर्वी सहाव्या माळेला तिचा डोळा लागला होता आणि दिवा विझला होता. आठवड्याच्या आत अनंतरावांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं, तिला ते कळलंही होतं. पण तेव्हापासून दिव्यापासून दूर जायचा तिला धीर होत नसे. ह्या नऊ दिवसांत ती गवार निवडायलासुद्धा समईसमोरच बसली होती.

नैवेद्य आटपून निघावं, तर स्टोव्हवर डाळ अजून अर्धकच्ची. बारा वाजतील. बारापर्यंत गाडी गिट्टीवर असेल.

समजा, मोहनच्या ध्यानात आलं असेल. समजा, नट नुसता हातानेही घट्ट बसला असेल. तिने स्वतःला असं दोन-तीन वेळा सांगून पाहिलं. आणि मग तिला शर्यतीच्या वाटेवरचं ते वळण डोळ्यांपुढे दिसलं, एका अंगाला गिट्टीची खोल खाण असलेलं, आणि नकाशा धरलेले सरोजचे हात.

दिव्याने मागे एकदा तिला शिक्षा केली होती, असं ती मानत आली होती. आज पुन्हा केली तर ती भोगायला मोहन होता, सरोज होती. आणि लीलावती न गेली तरी धोक्यात तेच दोघे होते.

तिने समईत काठोकाठ तेल घातलं. वात थोडी पुढे सरकवली. दोन थेंब पाटावर पडले. वाऱ्याच्या बाजूची खिडकी लावून घेतली, स्टोव्ह बंद केला.

"आई, मी शब्द दिलाय ह्यांना," ती देवीला हळूच म्हणाली. "डब्यात उरलेलं सांगायचं, असतील तिथं जाऊन. आता ते नाहीत, तर त्यांच्या जागी जो गाडीखाली असेल त्याला सांगायला हवं. दिवा तू जळता ठेव. मी येते."

मग तिने पाटावरची पकड आणि मोठा पाना उचलला. पूजेतलं हत्यार नैवेद्याआधी हातात घेण्याची आयुष्यातली ही पहिली वेळ. क्षणभर ती थांबली, काहीतरी होईल म्हणून. ज्योत हलली नाही.

पिन तिने पदराच्या टोकात बांधली, दोन गाठी मारून. पकड आणि पाना पिशवीत टाकले.

दाराबाहेरच्या चपलांकडे तिने एकदा पाहिलं आणि त्या तिथेच राहू दिल्या. निदान एवढं व्रत तरी मोडायला नको. कडी घालताना फटीतून समई दिसत होती, रिकाम्या घरात एकटी. लीलावतीने मान वळवली. चौकात आनंदनगरकडे जाणारे टेम्पो मिळत. आज सणाचे मिळतील की नाही ठाऊक नव्हतं. नाही मिळाले, तर रस्ता सरळ होता. फाटकाबाहेरच्या खडीवर तिचं अनवाणी पाऊल पडलं, टोचलं, आणि ती भराभर चालू लागली.